लमाईची परवानगी

विरोट सकाळपासून गल्लीभर क्षमा मागत फिरत होता. तबकात फुलं, मेणबत्त्या, उदबत्त्या. प्रत्येक दारात गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "कायेनं, वाचेनं, मनानं काही चुकलं असेल तर पोटात घाला." भिक्खू होणाऱ्याची रीतच ती. डुकराचं मटण विकणाऱ्यापुढेही त्यानं हात जोडले, आणि लोकांचे डोळे पाणावले. घरी लमाई पाहुण्यांसाठी नारळाच्या दुधातला रस्सा ढवळत होती. तिच्यापर्यंत ते तबक काही आलं नाही. बायकोची कसली क्षमा मागायची? ती घरचीच!

लमाईचा संताप आजचा नव्हता. पन्नाशी ओलांडली आणि कारखान्यात एक कालचा पोरगा विरोटचा साहेब होऊन बसला. तेव्हापासून ह्या माणसाचं मन कशात लागेना. आधी भलीमोठी मोटारसायकल झाली. मग झुंजीचे कोंबडे झाले. त्यांना तो स्वतःच्या हातांनी गरम फडक्यानं शेकायचा, आणि अर्धांगवायूनं पडलेल्या त्याच्या आईला आतल्या खोलीत लमाई कुशीवर वळवायची. आता वैराग्य आलं होतं. नोकरी सोडून वर्षावासाचे तीन महिने चीवर घालणार म्हणे, आणि जमलं तर पुढेही. बरं, चिडायचीही सोय नाही. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तर चारचौघांत त्याची खरडपट्टी काढता आली असती. विहारात पळालेल्या नवऱ्याला मात्र गुडघे टेकून भिक्षेचा भात वाढायचा!

"किती भाग्याची गं तू!" नणंद बुन्सी गहिवरून म्हणाली.

"मग वन्सं, आठवडाभर आईंना न्या तुमच्याकडे. थोडं भाग्य तुम्हालाही."

"माझी कंबर ठाऊक आहे ना तुला?" म्हणत वन्सं सटकल्या.

विहारात मुंडण झालं, भुवयाही उतरवल्या. म्हाताऱ्या भंतेंनी चीवर हातात घेतलं आणि विचारलं, "बायकोची परवानगी आहे ना?"

"आहे, भंते," विरोट म्हणाला.

"तुला नाही विचारलं. तिला विचारतोय."

"मला आजवर कुणी विचारलंच नाही, भंते," लमाई उभी राहिली. "आता विचारताय तर सांगते. नाही."

दारात मिरवणुकीतल्या ढोलवाल्यांचे हात थांबले.

"अगं, लोक बघतायत!" विरोट पुटपुटला. "शांती हवीय मला."

"आणि मला नकोय? मलाही पन्नाशी लागली. माझेही गुडघे दुखतात, माझीही झोप उडालीय. तुम्ही विहारात बसणार, मी कुठं पळू ते सांगा!"

"आईचा स्वर्ग हिरावून घेतेस?" बुन्सी किंचाळली. "मुलाच्या चीवराचा काठ धरूनच आई वर जाते. विचार आईलाच!"

सगळ्या माना चाकांच्या खुर्चीत बसवून आणलेल्या सासूकडे वळल्या. लमाईला भीती होती ती एवढीच. म्हातारी रडली असती तर तिचा नकार तिथंच विरघळला असता, आणि पुढची सगळी वर्षं तिला मुकाट्यानं ओढावी लागली असती.

म्हातारीच्या वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द घरंगळत आले. "वर जाईन तेव्हा जाईन. आज लमाई चुलीपाशी होती... मी सकाळपासून ओली बसलेय. कुणी बघितलं?"

गल्लीभर गुडघे टेकून आलेल्या मुलानं मान खाली घातली.

भंतेंनी चीवराची घडी घालून बाजूला ठेवली. "आईला घरी ने," ते म्हणाले.

लमाई सवयीनं खुर्चीकडे धावली, आणि दोन पावलांवर थांबली. थांबणं तिला जड गेलं, पण ती थांबली. मग विरोट उठला. त्यानं खुर्चीची मूठ धरली आणि बिनभुवयांचा, गोंधळलेला चेहरा तिच्याकडे वळवला.

"आईचे धुतलेले कपडे कुठं असतात?"

"त्यांनाच विचारा," लमाई म्हणाली. "बोलता येतं त्यांना."