तळघरातलं दार

"बघ तरी, तुझ्या त्या जुन्या गेमवर मालिका काढलीय," म्हणत नवऱ्याने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि खूण न घालताच मिटलं. तिथेच माझं डोकं फिरलं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्या एका गेमसाठी एक खटारा मशीन अजून घरात जिवंत ठेवलंय. गेममधल्या बंगल्याच्या तळघरात एक दार आहे, ते काही केल्या उघडत नाही. लहानपणी ताईने आणि मी त्यापायी अख्खी सुट्टी घालवली. आता मला कळतं, ते दार उघडायची सोयच त्यात केलेली नाही. तरी आठवड्यातून एकदा मी ते ठोठावते.

मालिकेत ते दहाव्या मिनिटाला उघडलं. आत सोन्याची पेटी!

"घ्या! एवढ्यासाठी जीव आटवत होतात दोघी," नवरा हसला.

मी रिमोट हिसकावून टीव्ही बंद केला.

"अगं, पुढे काय होतं ते तरी बघू दे!"

"काय बघायचंय? पुस्तकातल्या माणसांना वाटेल ते चेहरे चिकटवतात, बंद दारं फोडतात. आमच्यासाठी म्हणून काही शिल्लकच ठेवायचं नाही का यांना?"

"एका दारासाठी एवढी आगपाखड?"

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती कुठे गेली, असं विचारून मी ताईला भंडावून सोडलं होतं. शेवटी ताईने स्क्रीनवरच्या त्याच दारावर बोट ठेवलं होतं.