वरचे आणि खालचे

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन केला की यंत्र बोलायचं, तक्रारीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन. हे फोन टेलिफोन एक्स्चेंजमधून एका जाडजूड ट्रंकवरून, म्हणजे मोठ्या जोडतारेवरून यायचे, आणि त्या ट्रंकमध्ये होते तीस चॅनल, एका चॅनलवर एका वेळी एकच फोन. कचेरीतून जाणाऱ्या फोनने वरच्या चॅनलपासून जागा शोधायची, एक्स्चेंजकडून येणाऱ्या फोनने खालून. नाहीतर दोघं एकाच चॅनलवर झडप घालणार आणि कुणाचाच फोन लागणार नाही.

सुरुवातीला दोन्हीकडच्या तंत्रज्ञांनी नेमका हाच घोळ घातला होता, दोघांनीही वरूनच सुरुवात! दिवसभर एकमेकांवर डाफरले आणि शेवटी हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून कचेरीतले ते वरचे, एक्स्चेंजमधले ते खालचे.

भेट अशी कधी झालीच नाही. पण रोज सकाळी चॅनल तपासता तपासता मुलीचं लग्न, सुनेचा हट्ट, गुडघेदुखी, सगळं बोलून व्हायचं. "झालं का तुमच्या खालच्यांशी बोलून?" म्हणून बायको चिडवायची. अहाहा, काय दिवस होते ते!

आता इंटरनेटवरून नवी लाइन आली होती, ट्रंक आज बंद. चॅनल मोकळा झाला की दोघांनी मिळून तो बंद करायचा. वरचे वरून आले, खालचे खालून, आणि उरला फक्त मधला एक, ज्यावर दोघं बोलत होते. आपल्याच्याने रिसीव्हर ठेववणार नाही, हे वरचे पुरतं ओळखून होते. म्हणून तो चॅनल जेवणाच्या सुट्टीला आपोआप बंद व्हावा, असं त्यांनीच यंत्रात घालून ठेवलं होतं.

आणि इकडे पोटातलं ओठावर येईना. काम संपलं, आता फोन करायला निमित्त काय? या वयात मैत्री मागायची तरी कशी? शेवटी धीर करून ते म्हणाले, "अहो खालचे, रविवारी तुम्ही..."

लाइन गेली.

वरच्यांनी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच हाताने केलेला उद्योग! ना नंबर, ना पत्ता, डोळ्यांत पाणीच आलं.

थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला.

"अहो वरचे, किती बटणं दाबायला लावता माणसाला! एकदा तर बिलवाल्या बाईंकडेच जाऊन पडलो. रविवारी काय म्हणत होतात?"

"घरी जेवायला या म्हणत होतो."

"येतो की! पण ओळखाल कसं मला?"

"दारातून हाक मारा," वरचे कसंबसं म्हणाले.