मागच्या तारखेची सही

पाच वर्षांत घरमालक एंटविसल कधी केक घेऊन आल्याचं हेझल ऑर्मरॉडला आठवत नव्हतं. इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या एका शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी ही बाई माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हाताकडे बघायची. आज केकच्या डब्याखाली एक कागद होता.

"चहा टाकतेस ना, पोरी?" खुर्ची ओढत तो म्हणाला. "आणि इथे एक सही. नुसता सोपस्कार."

"कसली?"

"तुझी अनामत सरकारमान्य योजनेत ठेवल्याची माहिती तुला मिळाली, एवढंच."

हेझलने चष्मा लावला. कागद कोरा करकरीत, तारीख मात्र पाच वर्षांपूर्वीची.

"तेव्हा द्यायचा राहून गेला गं. माझ्यावर विश्वास नाही?"

विश्वास होता, म्हणून तर तिने कधी विचारलं नव्हतं. पण गल्लीच्या टोकाचं याचंच दुसरं घर गेल्या आठवड्यात विक्रीला निघालं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"वाचून करते."

"त्यात वाचण्यासारखं काय आहे?" त्याचा आवाज चढला.

"ते वाचल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी ती भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात गेली. तिथल्या नटॉलबाईंनी भाडेकरूंची अनामत सांभाळणाऱ्या तिन्ही सरकारमान्य योजनांकडे चौकशी केली. हेझलचं नाव कुठेच नव्हतं.

"अनामत घेतल्यापासून तीस दिवसांत ठेवायला हवी होती," नटॉलबाई म्हणाल्या. "आता कोर्ट अनामत परत द्यायला लावेल, वर एक ते तीन पट दंड तुम्हाला. ती परत केल्याशिवाय कारण न देता घर खाली करायची नोटीसही त्याला देता येत नाही."

"आणि मी सही केली असती तर?"

"मग त्याची बाजू तुम्हीच लिहून दिली असती."

हेझल घरी परतली. केक तिने न कापताच कचऱ्यात टाकला. एवढं करायला नको होतं, असं तिला नंतर वाटलं.

हेझलने दावा लावला, तेव्हा कोर्टात एंटविसलने भलताच पवित्रा घेतला. "ती अनामत नव्हतीच, साहेब. आगाऊ भाडं होतं."

न्यायाधीशांनी हेझलने दाखल केलेला, सही न झालेला तोच कागद पुढे सरकवला. "मग यात 'अनामत' कोणी लिहिलं?"

एंटविसलचा चेहरा खर्रकन उतरला. अनामत परत आणि वर तिच्या दुप्पट, असा निकाल झाला.

बाहेर पायऱ्यांवर तो तिला म्हणाला, "घरच्यासारखं वागवलं तुला!"

"घरच्यांकडून मागच्या तारखेची सही घेतात का हो?"

त्याने पैसे चुकते केले, आणि मग रीतसर नोटीस धाडली. हेझलला घर सोडावं लागलंच. परसातल्या गुलाबाचं रोप मात्र तिने मुळासकट उपटून नेलं.

नव्या घरमालकिणीने न मागताच योजनेचा कागद हातात ठेवला. हेझलने हसून आभार मानले, दार लावलं, आणि कागद खरा आहे ना, हे विचारायला योजनेच्या कचेरीत फोन लावला.