साध्या रिमवर ट्यूबलेस

राणीची जिल्हा निवडीची सायकल शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होती. पहिल्या चौघींचीच निवड व्हायची. येळ्ळूरच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्यांनी तिच्या दोन शर्यती घालवल्या होत्या, म्हणून तिनं ट्यूबलेस टायरचा हट्ट धरला होता. रिम मात्र जुनी, ट्यूबसाठी बनवलेली. टायरची कड धरून ठेवणारी खाच तिच्यात नव्हती.

खासबागेतल्या टायरच्या दुकानात मष्णू मिस्त्रीनं रिमला टेपचे चार वेढे दिले, टायर चढवला, आत भोकं बुजवणारं पांढरं सीलंट ओतलं आणि हवा मारली. हवा कडेनं बाहेर. असं सहा वेळा झालं.

मष्णू तीस वर्षं ट्रॅक्टरची चाकं बसवत आला होता. त्यानं पेट्रोलची बाटली उचलली.

"आण्णा, ही सायकल हाय," राणीचा भाऊ दिग्विजय म्हणाला. तो वडगावात मागावर काम करायचा.

"ट्रॅक्टरनं कधी तक्रार केली न्हाय. मागं सर."

मष्णूनं टायरच्या कडेतून आत थोडं पेट्रोल शिंपडलं. काडी पडताच फाडकन आवाज झाला. टायरभोवती जाळ फिरला आणि कड बसली. मष्णू हसला. आतली टेप वितळली होती; बाहेरून ते दिसत नव्हतं.

मष्णू पुन्हा हवा मारू लागला. "आण्णा, तीस पौंडावर थांबा," राणी म्हणाली.

"तीसवर फुगा फुगतो गं."

दिग्विजयनं चाक गुडघ्यांत दाबून धरलं. मीटर पन्नासवर गेलं, साठवर गेलं.

पासष्टला टायर उडाला. रिमची कड फाटली आणि त्या पत्र्यानं दिग्विजयच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नेली. फरशीवर सांडलेलं पांढरं सीलंट लाल झालं. राणीनं लोखंडी पाना उचलून मष्णूच्या खांद्यावर घातला. पुन्हा घातला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. मष्णूनं हात उचलला नाही.

दवाखान्यात बोटं जोडता आली नाहीत. पहाटे राणीनं मैत्रिणीचं चाक मागून आणलं आणि ती शर्यतीला गेली.

साडेदहाला ती शर्यतीच्याच कपड्यांत दवाखान्यात आली. भावाच्या खाटेजवळ पोचताच आईनं, सत्यवतीनं, तिच्या कानाखाली दोन लगावल्या.

"भाऊ हितं पडलाय, आन् तू सायकल फिरवतीस?"

तिसरी दिग्विजयनं खाटेवरून वाकून डाव्या हातानं अडवली.

"कितवी आलीस?"

"तिसरी."

"घेतलं?"

"घेतलं."

"मग मार आता, आई," तो म्हणाला आणि त्यानं हात खाली घेतला.