पांढऱ्या दगडावरची रेघ

फेस शहरात विद्वानांचा तोटा नव्हता, आणि त्यांतल्या एकालाही अक्कल आहे असं हम्मू बिन यिद्दरला वाटत नव्हतं.

हम्मू मोठ्या मशिदीचा मुवक्कित होता. सूर्य, सावल्या आणि तारे पाहून नमाजाच्या वेळा ठरवायच्या, हे त्याचं काम. मिनारातल्या त्याच्या खोलीत पितळी यंत्रं होती, पाण्याचं घड्याळ होतं आणि एक खिडकी होती. खिडकीतून खाली अंगणात वर्ग घेत बसलेले पंडित दिसायचे. "नुसती पागोटी दिसतात," तो म्हणायचा, "खाली डोकी आहेत की नाहीत, ते एवढ्या वरून सांगता येत नाही." देवाचं त्याला वावडं नव्हतं. पाचही वेळा तो मनापासून नमाज पढायचा. त्याला वावडं होतं ते देवाचे मुखत्यार होऊन बसलेल्यांचं.

आणि खरंच, या मंडळींचं चाललं तरी काय होतं? चूळ भरताना चुकून पाणी घशात गेलं तर रोजा मोडतो का, यावर दोन मोठे पंडित महिनाभर भांडले होते आणि अजून एकमेकांची तोंडं पाहत नव्हते. ज्या बीजगणितावर यांच्याच पूर्वजांनी जीव टाकला, ते आता मेलेल्या चुलत्याची गाढवं पुतण्यांत वाटण्यापुरतं उरलं होतं. तारे होते ते फक्त अजानेसाठी. त्यापलीकडे कुणी मान वर करून पाहिलं की हे विचारणार, याचा परलोकात उपयोग काय? जणू यांचा स्वतःचा इहलोकात काही उपयोग होता!

हम्मूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्याचे गुरू शेख बरहून मशिदीच्या एका खांबापाशी बसून गणित आणि ताऱ्यांचं शास्त्र शिकवायचे. ते गेले आणि त्यांचा चाळिसावा व्हायच्या आत तो खांब वारसाहक्काचा कायदा शिकवणाऱ्या एका पंडिताला देऊन टाकला. तेव्हापासून हम्मू वर आपल्या खोलीत तीन-चार विद्यार्थ्यांना चोरीचा माल विकावा तसं शिकवत होता. आपण मेलो की हेही बंद पडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यातच सुलतानाने नवा मदरसा बांधायला काढला. मदरशाच्या वक्फनाम्यात, म्हणजे दानपत्रात, ज्या विषयाचं आसन लिहिलं जाईल ते कयामतीपर्यंत चालणार, खुद्द सुलतानालाही ते मोडता येणार नाही. त्या वक्फनाम्यात गणिताचं एक आसन यावं, यासाठी हम्मू काहीही करायला तयार होता.

फक्त तोंड बंद ठेवायला तयार नव्हता. मदरशाची मेहराबीची, म्हणजे नमाजाला जिच्याकडे तोंड करायचं ती, भिंत पुरुषभर उंच झाली तेव्हा तो ती बघून आला आणि हमामात भर गर्दीत म्हणाला, "भिंत झकास उठलीय हो. इथून पढलेली नमाज थेट वाळवंटातल्या मिठाच्या खाणीत जाऊन पडेल."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मक्का फेसच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे. गणिताने तसं निघतं, आणि गणित नको असेल तर हजला निघालेला कुठलाही तांडा बघा, तो पूर्वेच्याच वेशीतून बाहेर पडतो. पण शहरातल्या मशिदींचा किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, मात्र दक्षिणेला. का, तर पैगंबर मदिनेत दक्षिणेकडे तोंड करून नमाज पढत. अहो, मदिनेहून मक्का दक्षिणेला आहे म्हणून पढत, असं सांगायला गेलं की पंडित कानांवर हात ठेवायचे. वाडवडील इकडे तोंड करायचे, आम्हीही करणार, संपलं.

हमामातलं बोलणं राजवाड्यात पोचायला वेळ लागला नाही. भिंत बरोबर आहे की नाही, असं सुलतानाने विचारलं, बांधकाम थांबलं, आणि एके दिवशी दुपारी काझी मैमून धापा टाकत मिनार चढून आला.

मैमून हाही शेख बरहूनांचाच शिष्य. खरं सांगायचं तर दोघांत तोच सरस होता. हम्मूला ज्या हिशेबाला अख्खी संध्याकाळ लागे तो मैमून डाळिंब सोलता सोलता तोंडी करायचा. मग त्याला काझीपद दिसलं, आणि त्याने यंत्रं गुंडाळून ठेवली. मूर्खांची हम्मूला कीव यायची. मैमूनची मात्र त्याला किळस यायची, कारण मैमूनला सगळं कळत होतं.

"काय रे या पायऱ्या!" मैमून भिंतीला टेकून बसला. "दम लागला."

"पद वाढलं की वजन वाढतं. खजूर खा, म्हणजे आणखी वाढेल."

"भिंतीबद्दल काय बरळलास तू?"

"बरळलो नाही, मोजलं. तूही मोजलं असशीलच."

"मोजलं," मैमून खजूर चघळत म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

हम्मूने भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली. "मग सांग ना जाऊन सुलतानाला!"

"काय सांगू? तुमच्या आजोबांनी बांधलेल्या सगळ्या मशिदी चुकल्या म्हणून? इतकी वर्षं हे गाव खाणीतल्या मिठापुढे डोकं टेकत होतं म्हणून? आणि थडग्यांचं काय? आपण मुडदेसुद्धा किबल्याकडे तोंड करून पुरतो. तुझी आई टेकडीवर आहे ना? उकरून वळवणार आहेस तिला?"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"सगळ्यांच्याच आया मध्ये येतात, लेका. देव रेघा मोजत बसत नाही. मनातलं बघतो."

"मनातलंच बघतो तर भिंत तरी कशाला बांधता? आणि खरं काय आहे याला काहीच किंमत नाही?"

"खरं!" मैमून हसला. "सावली आज तुझ्या रेघेवर पडते, कारण देव आज ती तिथे पाडतो. ती त्याची सवय. उद्या त्याने सवय बदलली तर तुझं खरं कुठे जाईल?"

"मग तू उद्यापासून जेवायचं बंद कर. सवय बदलली असेल, उपाशीपोटीच ढेकर येईल. हे असलं तू पोरांना शिकवतोस ते शिकव. इथे तिसरं कुणी नाही. तुला स्वतःला पटतं का हे?"

मैमूनने बी बोटांत फिरवली आणि खिडकीबाहेर टाकली. "पटण्याचा पगार मिळत नाही, हम्मू. आता ऐक. वक्फनामा मी लिहितोय. गणिताचं आसन पाहिजे ना तुला? देतो. कायमचं देतो. मदरशाच्या अंगणात संगमरवराचं सूर्यघड्याळ लागणार आहे, ते तू कोर. वेळेच्या रेघा तुझ्या हिशेबाने मार. किबल्याची रेघ तेवढी भिंतीला काटकोनात येऊ दे. मुवक्कितानेच कोरलंय म्हटल्यावर सुलतानाचं समाधान होईल."

"चालता हो इथून."

"होतो. शुक्रवारी कळव," मैमून म्हणाला आणि कठड्याला धरून सावकाश उतरला.

हम्मू घरी आला तो चरफडतच. बायको तामू कालवणासाठी ओले पावटे सोलत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं, मैमूनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "एका रेघेसाठी आसन देतोय म्हणे."

"बाकीच्या रेघा खऱ्याच मारायच्या ना?" तामूने विचारलं.

"हो."

"मग एवढं काय अहो? आसन आलं की तुम्ही पोरांना खरं ते शिकवालच. दगड काय, अंगणात पडून राहील."

हे हम्मूच्या मनात मैमून जिना उतरत असतानाच येऊन गेलं होतं. पण बायकोच्या तोंडून आल्यामुळे ते शहाणपणाचं वाटलं. खऱ्याला जागणारी माणसं शहरात एवढी दुर्मीळ झालीत, त्यात आपण एकट्यानेच कशाला हौतात्म्य पत्करायचं? मूर्खांना मूर्खपणाची रेघ मिळेल आणि विद्येला आसन मिळेल. सौदा त्यांच्याच अंगाशी येईल. माणूस हुशार असला की स्वतःला फसवतानाही नीट मुद्देसूद फसवतो.

दगड त्याने जीव ओतून कोरला. तासांच्या रेघा केसभरही चुकल्या नव्हत्या. राहिली किबल्याची. ती नुसती ठोकून द्यायला त्याचा हात धजेना. कुणी विचारलं तर हिशेब दाखवता आला पाहिजे. म्हणून त्याने हिशेब उलटा धरला. रेघ अशी येण्यासाठी मक्का कुठे असायला हवी ते काढलं, आणि पवित्र मक्केला तिच्या जागेवरून उचलून, ओढत आणून वाळवंटाच्या मधोमध, मिठाच्या खाणींच्या शेजारी बसवलं. नव्या जागेचे आकडे त्याने दगडाच्या कडेला बारीक, सुरेख अक्षरांत कोरले. काम इतकं बेमालूम झालं होतं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि त्या गोष्टीची लाज वाटायलाही तो विसरला.

मदरसा उघडला त्या दिवशी सुलतान आला, दगडाभोवती एक फेरी मारली, मान डोलावली. मग काझी मैमूनने सगळ्यांसमोर वक्फनामा वाचला. कायद्याची आसनं, कुराणपठणाची आसनं, दिव्यांचं तेल, विद्यार्थ्यांची भाकरी. आणि मग, दिलेल्या शब्दाप्रमाणे, गणित आणि ताऱ्यांच्या शास्त्राचं एक आसन, कायमचं, पहिला अधिकारी हम्मू बिन यिद्दर. हम्मूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेख बरहून असायला हवे होते, असं त्याच्या मनात आलं.

मैमूनचं वाचून संपलं नव्हतं. "या आसनावर बसणारा अंगणातल्या दगडानुसार शिकवील. दगडावरचे आकडे हेच प्रमाण. त्यांच्या विरुद्ध शिकवणाऱ्याचं आसन त्याच दिवशी जाईल आणि त्याचा तनखा पठणाकडे वळवला जाईल. देणाऱ्याची अट ही धर्माच्या आज्ञेसारखी आहे, ती कुणालाही बदलता येणार नाही." सगळे आमीन म्हणाले. हम्मूचेही ओठ हलले.

मेजवानीत मधाच्या वड्यांचं ताट फिरत होतं. हम्मूने मैमूनला कोपऱ्यात गाठलं.

"ही असली अट कुठून काढलीस, हरामखोरा?"

"दगड तू कोरलास. मी फक्त वाचला."

"तो हिशेब खोटा आहे, तुला ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे. काल बसून सगळा तपासला." मैमूनने एक वडी उचलली. "मक्का कुठे नेऊन टाकलीस तेही पाहिलं. सुबक काम आहे हं. मला इतकं जमलं नसतं. मी आपली नुसती रेघ मारली असती आणि मुकाट्याने घरी गेलो असतो. आकडे कोरायला तुला कुणी सांगितलं होतं?"

सांगितलं खरंच कुणी नव्हतं.

"नको असेल तर आसन सोड," मैमून म्हणाला. "आजच सोड. पठणवाले वाटच बघतायत."

हम्मूने आसन सोडलं नाही. निदान बाकीचं तरी खरं शिकवता येईल, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि शिकवलंही. आसनाला तनखा होता, भाकरी होती, त्यामुळे विद्यार्थी धो-धो आले. बरहूनांच्या खांबापाशी कधी बसले नसतील इतके. हम्मूने त्यांना वर्तुळं शिकवली, सावल्या शिकवल्या, यंत्रं हातात दिली. किबल्याचा धडा तो पुढे ढकलत राहिला. शेवटी एक दिवस तो आलाच. सगळ्यांनी दगडावरचे आकडे घेतले, हिशेब केला, रेघ बरोबर भिंतीवर आली. सगळे खूश झाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर वग्गाग मागे थांबला. वग्गाग सूस प्रांतातला, दाढी पिकायला लागलेला, गावाकडे बायकोमुलं ठेवून शिकायला आलेला माणूस. वर्गात तोच सगळ्यांत चांगला होता. त्याच्या हातातल्या पाटीवर हिशेब दाटीने भरला होता आणि चेहरा रडवेला झाला होता.

"उस्ताद, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"मी जुन्या तक्त्यातला मक्केचा आकडा घेऊन बघितला. शेख बरहूनांच्या. तर रेघ पार पूर्वेला जातेय. तीनदा केलं. तिन्ही वेळा पूर्वच."

हम्मूने पाटी हातात घेतली. पायरीमागून पायरी तो वाचत खाली गेला. कुठेही खोट नव्हती. वयाच्या पस्तिशीत त्याला स्वतःला हा हिशेब इतका स्वच्छ आला नव्हता. सबंध शहरात हे असं करू शकणारी माणसं आता तीन होती, आणि त्यांतला एक काझी होता.

"उस्ताद," वग्गाग खालच्या आवाजात म्हणाला, "दगड तर चुकणार नाही. म्हणजे मीच कुठेतरी चुकलोय. किंवा शेख बरहून चुकले असतील. रात्रभर शोधतोय, मला सापडत नाही. तेवढी चूक दाखवाल का?"

तो पुढे वाकून पाटीकडे बघत उभा राहिला. पलीकडे अंगणात पठणवाल्यांचा वर्ग सुरू झाला होता. हम्मूने पाटी मांडीवर नीट ठेवली, खडू घेतला, आणि वग्गागला त्याची चूक शोधून दिली.