शेरा : लाळ

अकरा नंबरची डबी त्याने उजेडाकडे धरली, जराशी कलती केली — आतलं पाणी चटकन एका बाजूला सरकलं, वर फेसाचे चार बुडबुडे, त्यातला एक फुटला... बाकीचे तसेच. लाळ. काचेखाली घ्यायचीही गरज नव्हती. खरा बेडका डबीच्या बुडाला धरून बसतो, कितीही हलवा, आळशी माणसासारखा जागचा हलत नाही. ही नुसती तोंडातली ओल. त्याने रजिस्टर ओढलं, अकराव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, लिहिलं — लाळ, पुन्हा नमुना आणणे — आणि डबी बादलीत टाकली.

खिडकीबाहेर ती बाई उभीच होती. तिशीची असेल, शिवणकामाच्या कारखान्यातली, बाहीला धाग्यांचे तुकडे चिकटलेले.

"थुंका म्हणालात, थुंकले की," ती म्हणाली.

"थुंकायचं नाही, खोकायचं. छातीतून. उद्या पुन्हा या."

तिने मागे वळून पाहिलं. मागे रांग, रांगेत सगळे पुरुष. त्यातला एक मोठ्यांदा खाकरून डबी भरत होता, बक्षीस लागल्यासारखा.

"अशा रांगेत?" तिने विचारलं.

"मग कुठे?" असं म्हणून त्याने बाराव्याला हाक मारली.

रागाने नव्हे. राग, दया, या गोष्टी खिडकीच्या पलीकडच्या. अलीकडे तो, सूक्ष्मदर्शक आणि निळ्या जमिनीवर दिसल्या तर दिसणाऱ्या लाल काड्या, क्षयाचे जंतू. काचेखाली माणूस नसतो, हे त्याला आवडायचं. सगळे त्याला लॅबवाले काका म्हणत. सव्वीस वर्षांत क्षयाची एक काडी त्याच्या नजरेतून निसटली नव्हती, असं तो कधी कुणाला म्हणाला नव्हता, पण... निसटली नव्हतीच.

अकराच्या सुमाराला नवी डॉक्टरीण आली. त्याचं लग्न झालं असतं तर मुलगी एवढीच असती. वर्षाचा तक्ता करायला बसली होती.

"काका, रुग्णांत पुरुष चारशे बारा आणि बायका एकशे सत्त्याऐंशी?"

"दर वर्षी असंच असतं. पुरुषांना जास्तच होतो हा आजार. विडी, दारू, दाटीवाटीत काम..."

"ते खरंच आहे. शरीराचाही भाग असेल थोडा. काही जंतूंशी बाईचं शरीर जरा नेटाने झुंजतं म्हणतात. पण सगळा फरक तेवढ्यानेच पडतो का, ते मला कळत नाही." ती थांबली. "लाळ म्हणून आपण परत पाठवतो, त्यात बायका किती?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. रजिस्टर तपासायला वरून माणसं येत, बेरजा जुळल्या की चहा पिऊन जात.

"मोजलं नाही कधी."

"मोजाल?"

मोजलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, पेन्सिलीने बारीक खुणा करत. अक्षर त्याचंच, वळणदार. ळ तर असा की शाळेत गुरुजी फळ्यावर काढून दाखवायला सांगायचे. लाळ, लाळ, लाळ... दोनशे त्रेसष्ट वेळा. त्यात बायका दोनशे एक. पुन्हा आलेल्या अडतीस. त्याने वजाबाकी दोनदा केली. एकशे त्रेसष्ट आली. पुरुष बासष्ट, त्यातले पन्नास परत आले होते — त्यांना कुणीतरी पाठवतं, मुकादम, बायको, आई. फक्त एवढंच जाणवलं की आपण नजरेतून काही निसटू देत नाही, हे खरं असूनही... नजरेसमोर आलंच नाही त्याचं काय?

"बाकीच्या?" डॉक्टरिणीने कागद वाचून विचारलं.

"बऱ्या झाल्या असतील."

"असतील," ती म्हणाली. आवाजात ठपका नव्हता. असता तर बरं झालं असतं. ठपक्याला उत्तर देता येतं.

बाहेर बाकावर अकरा नंबरची बाई अजून बसली होती, बस दुपारची होती म्हणून. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला — खिडकीबाहेर येऊन कुणाशी बोलायची सवय नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना — आणि म्हणाला, "मागे टाकीपाशी कुणी नसतं. चला. मावशी येतील बरोबर."

झाडलोट करणारी मावशी कंबरेवर हात ठेवून आली. तो कोपऱ्याच्या अलीकडे थांबला, पाठ करून.

"लाजतेस कुणाला गं? टाकीला?" मावशीचा आवाज. "दोनदा खोल श्वास घे. हां. आता पोटातून. अगं, नवऱ्यावर ओरडतेस की नाही? तिथून!"

ती हसली, हसता हसता खोकला आला, आणि मग तो थांबेचना; खालून, फार खालून, विहिरीत दगड पडत राहावेत तसा. हा आवाज पुरुषांचा त्याने हजारदा ऐकला होता. बाईचा... आठवेना.

दुपारी काच तयार झाली. निळ्या जमिनीवर पहिल्याच नजरेत दोन काड्या, मग जोडीने तीन, मग मोजायला नकोत इतक्या. त्याने नियमाप्रमाणे मोजल्या. चिठ्ठी वर पाठवली. डॉक्टरिणीने त्या बाईची बस चुकवून तिला बसवून घेतलं, औषध सुरू केलं. सहा महिन्यांत बरी होईल, सगळं नीट घेतलं तर. रीतसर झालं. पण सकाळची ती ओळ रजिस्टरात होतीच — अकरा, स्त्री, लाळ — आणि तिच्यावर काट मारताना त्याला वाटलं, अशा एकशे त्रेसष्ट ओळींवर काट मारायला मी कुणाच्या दारात जाऊ?

घरी ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ताई सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि मग दोघंही राहूनच गेली, एकमेकांच्या सोबतीला. तो हातपाय धुऊन बसला. आत नळ सुटला, जरा वेळाने बंद झाला. मग पुन्हा सुटला.

भांडी तर घासून पालथी घातलेली होती.

तो ऐकत राहिला. नळ सुटायचा, पाण्याच्या आवाजाखाली काहीतरी कोंडल्यासारखं व्हायचं, नळ बंद व्हायचा. हे आजचं नव्हतं. हा नळ त्याने कितीतरी दिवस ऐकला होता, महिनाभर, जास्तच — आणि पाण्याची नासाडी म्हणून एकदा बोललाही होता.

"ताई, किती दिवस झाले खोकल्याला?"

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"घसा कोरडा पडतो रे. धूळ काय कमी आहे?"

"उद्या उठल्याबरोबर, चहाआधी, एक नमुना दे. डबी आणलीय. खोल खोकून..."

ती विळी सोडून त्याच्याकडे पाहू लागली आणि खुदकन हसली. "या वयात मला थुंकायला शिकवणार तू?"

आणि कुठून कोण जाणे, संत्री आठवली. मागचं अंगण, दोघांच्या तोंडात बिया, कुणाची लांब जाते याची पैज. ताईची कुंपणापार जायची, रोज. त्याची पायापाशी पडायची. एकदा आईने पाहिलं. मुलीच्या जातीने थुंकू नये म्हणून ताईच्या गालावर एक, आणि त्याला काहीच नाही. ताई त्यानंतर बिया गिळायची. तो मात्र खेळत राहिला, एकटाच, आणि त्या दिवसापासून जिंकत आला... हसलो होतो मी. तिला मार बसला तेव्हा मी हसलो होतो.

"देशील ना?" त्याने विचारलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली. तिचं हे बरं त्याला पाठ होतं. त्याचा अर्थ होही असे, नाहीही असे, बहुतेक वेळा एवढाच की आता पुरे.

तो खुर्चीत बसून राहिला. उद्या ती नमुना देईलही. दिला तर काचेखाली घेईन, शंभर ठिकाणी पाहीन, काही दिसलं नाही तर निगेटिव्ह लिहीन — हा शब्द लिहिताना आजवर नेहमी बरं वाटत आलं होतं, एक माणूस सुटल्यासारखं. आज त्याने तो मनात लिहून पाहिला. काहीच वाटलं नाही. नाही म्हणजे आजारच नाही, की डबीत काही आलंच नाही? शब्द तोच, त्याच वळणाचा... आणि त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, ते आता या वयात नव्याने शिकायला हवं होतं.