पुढच्यानं थांबायचं

"थांब, थांब! माझा नोकर अजून दारातच उभा आहे," बाबा फोनवर ओरडले.

लेकीच्या पडद्यावर नाटकातला तो नोकर केव्हाच ताटासकट आपटला होता. बापलेक राहायचे दोन गावांत, पण रविवारी दुपारी एखादं विनोदी नाटक दोघांनी एकदम लावायचं, असा शिरस्ता होता. बाबांचा टॅबलेट जुना, सदा रेंगाळणारा. मग पुढच्यानं थांबायचं, हा बाबांचा कायदा.

त्या दिवशी मात्र तिनं, ती ज्या तांत्रिक समितीवर होती तिची नवी पद्धत चाचणीसाठी त्यांच्या टॅबलेटवर घातली होती. मागे पडलेल्या यंत्रानं मधला भाग गाळून थेट पुढच्याला गाठायचं.

"अगं, आता सगळे हसतायत! हा पडला कधी?"

"तेवढं गाळलं गेलं, बाबा. आता नियमच तसा होणार आहे."

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला?"

"आमच्या अध्यक्षांच्या."

"त्या माणसाला जन्मात विनोद सांगू नकोस. आणि हे त्याच्या तोंडावर सांग."

"सांगेन हो. पुढच्या रविवारी तेवढं मागे नेऊन दाखवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपर वाचता वाचता बाबा गेले.

समितीची पुढची बैठक ऑनलाइन होती. अनेक यंत्रांवर एकच चित्र, एकच आवाज एकाच क्षणी कसा चालावा, याचे नियम ही विद्वान मंडळी वर्षानुवर्षं लिहीत होती. ज्याच्या त्याच्या मते आपल्याच कंपनीचं घड्याळ खरं. अध्यक्षांच्या कंपनीचं यंत्र सर्वांत वेगवान, त्यामुळे मागे पडणाऱ्यांची त्यांना मनस्वी चीड. लेक आजवर हे सगळं निमूट ऐकत आली होती.

"मॅडमच्या वडिलांसाठी दोन मिनिटं शांतता पाळू," अध्यक्ष म्हणाले.

पडद्यावरच्या चौकटींत माना खाली गेल्या, ज्याला जेव्हा ऐकू आलं तेव्हा. कुणाची शांतता सुरू होते तोवर दुसऱ्याची संपलीही. एकानं "धन्यवाद" म्हटलं आणि इतरांच्या माना अजून खाली पाहून घाईघाईनं आपली पुन्हा खाली घातली. माइक बंद करायला विसरलेले एक तज्ज्ञ बिस्किट खात होते. ती कुरकुर सर्वदूर पोचली. अध्यक्ष अर्थातच सगळ्यांच्या आधी मोकळे. जगभरची यंत्रं एका तालावर नाचवायला निघालेल्या या शहाण्यांना एकदम गप्प बसणंही जमेना, आणि याचं हसू त्यांच्यातल्या एकालाही आलं नाही. बाबा मात्र पोट धरून हसले असते.

"चला, गाळण्याचं कलम. सर्वांची संमती धरू ना?"

"नाही," ती म्हणाली.

"तुमचा आवाज मागून येतोय, मॅडम. आपण पुढे जाऊ या."

"पुढे जायचं नाही. मागे राहिलेल्याचं काहीही गाळायचं नाही. नोकर दारात उभा असेल, तर तो पडेपर्यंत पुढच्यानं थांबायचं."

"कुणाचा नोकर?" अध्यक्ष गोंधळले.

"माझ्या बाबांचा. अजून दारातच उभा आहे."